घरच्या राउटरचं फर्मवेअर: बदलायचं की राहू द्यायचं?

(या भागात जे बोललो तेच, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीटनेटकं करून इथे दिलं आहे.)

आजचा भाग माझ्या फजितीचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी हसलं तरी मला वाईट वाटायला नको.

गोष्ट अशी. नोकरी लागली आणि मी कराडहून पुण्याला आलो. जून महिना होता. निघायच्या आदल्या रविवारी घरच्या राउटरवर मी मोठ्या हौसेनं कस्टम फर्मवेअर टाकलं. गेस्ट वायफाय वेगळं केलं, जाहिराती राउटरवरच अडवायची सोय केली. बाबांना दाखवलं, "बघा, बातम्यांच्या साइटवर आता एकही जाहिरात नाही." बाबा म्हणाले, "छान." मी खूश, बॅग उचलली, पुणे.

दिवाळीला घरी गेलो. सकाळी आई पिशवी घेऊन निघालेली. म्हटलं, कुठे? तर म्हणाली, "लाइट बिल भरायला." मी म्हटलं, "अगं, तू तर मोबाईलवरून भरतेस ना?" त्यावर आई म्हणाली, "ते होत नाही रे आता. पैसे भरायचं पान आलं की गोल गोल फिरतच राहतं. तू गेल्यापासून जाऊनच भरते."

माझ्या पोटात गोळा आला. लगेच डोक्यात प्रकाश पडला, कारण जाहिराती अडवायला मी जी यादी निवडली होती ती मला सापडलेली सगळ्यात कडक यादी होती. पैसे भरायचं पान उघडताना मागे दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्यावरून एक तुकडा येतो, आणि नेमका तो पत्ता त्या यादीत होता. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. पण आई पावसाळाभर छत्री घेऊन रांगेत उभी राहत होती. मी विचारलं, "मला फोन का नाही केलास?" तिचं उत्तर मी विसरलेलो नाही. "मला वाटलं, मलाच जमत नाहीये."

म्हणून आजचा प्रश्न. तुम्ही बरेच जण मेसेजमध्ये विचारता, "दादा, राउटरवर कस्टम फर्मवेअर टाकू का?" आधी मी बिनधास्त "टाक" म्हणायचो. आता म्हणत नाही. "टाकू नको" असंही म्हणत नाही. नक्की काय म्हणतो, ते सांगतो.

आधी हे फर्मवेअर म्हणजे काय?

राउटर हा खरं तर एक छोटा कॉम्प्युटरच आहे. प्रोसेसर आहे, रॅम आहे, आणि फ्लॅश नावाची छोटी मेमरी आहे. त्या फ्लॅशमध्ये जो सॉफ्टवेअरचा संच बसलेला असतो, तो फर्मवेअर. कंपनीनं दिलेला तो स्टॉक. बाहेरच्या लोकांनी बनवलेला, आपण आपल्या हातानं टाकलेला तो कस्टम. फोनवर ज्यांनी कस्टम रॉम टाकलाय, त्यांना हे सांगायची गरजच नाही. फक्त एक फरक लक्षात ठेवा. फोन तुमचा एकट्याचा असतो. तो बिघडला तर तुमची एकट्याची बोंब. राउटर घरातल्या सगळ्यांचा असतो.

या प्रकाराची सुरुवात मजेशीर आहे. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीनं डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. २००३ मध्ये काही लोकांच्या लक्षात आलं की याच्या आत लिनक्स चालतंय. लिनक्सचं लायसन्स म्हणजे जीपीएल. त्याची अट साधी आहे: हा कोड घालून वस्तू विकलीत, तर तो कोड, तुम्ही केलेल्या बदलांसकट, ग्राहकाला द्यायचा. लोकांनी मागणी लावून धरली आणि त्याच वर्षी कंपनीनं कोड खुला केला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं "डब्ल्यूआरटी" त्या राउटरवरूनच आलंय. मग डीडी-डब्ल्यूआरटी आलं, टोमॅटो आलं.

यातला पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. २००५ मध्ये त्याच राउटरची पाचवी आवृत्ती आली. डबा तोच, नाव तेच. पण आत फ्लॅश ४ एमबीची २ एमबी झाली, रॅम १६ एमबीची ८ एमबी झाली, आणि लिनक्स गेलं. जुन्या भरवशावर ज्यांनी तो नवा डबा घेतला, ते फसले. ओरड झाल्यावर कंपनीनं लिनक्सवालं मॉडेल डब्ल्यूआरटी५४जीएल या नावानं वेगळं विकायला काढलं. तेव्हा धडा असा: राउटरच्या नावावर जाऊ नका, डबा उलटा करा आणि खालच्या स्टिकरवर आवृत्तीचा आकडा बघा. आजही एकाच नावाच्या राउटरच्या व्ही१, व्ही२, व्ही३ अशा आवृत्त्या असतात आणि आतल्या चिप वेगवेगळ्या असतात.

कस्टम का टाकावं?

मला विचाराल तर खरी कारणं दोनच. बाकी हौस.

पहिलं कारण, अपडेट. राउटर विकला की दोन-चार वर्षांत बऱ्याच कंपन्यांचं त्याच्याकडे लक्ष राहत नाही. डबा मात्र आपल्या भिंतीवर दहा वर्षं लटकतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये क्रॅक नावाची त्रुटी जाहीर झाली. मॅथी व्हॅनहूफ या बेल्जियममधल्या संशोधकानं ती शोधली होती, आणि ती कुठल्या एका कंपनीची चूक नव्हती. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या नियमातच ती होती. ओपनडब्ल्यूआरटीच्या कुटुंबात दुरुस्ती काही दिवसांत आली. कित्येक जुन्या राउटरांना कंपनीकडून ती कधीच मिळाली नाही.

"माझ्या राउटरमध्ये कोण शिरणार?" असं वाटत असेल तर मे २०१८ आठवा. व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत, मुख्यतः घरच्या आणि छोट्या ऑफिसांच्या राउटरांत, सापडला. अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना सांगितलं, राउटर बंद करून परत चालू करा. तुमच्या घरात कुणाला रस असेल असं नाही, पण तुमचा डबा वापरून दुसरीकडे हल्ला करता येतो.

दुसरं कारण, बफरब्लोट. नाव विचित्र आहे, अनुभव रोजचा. तुम्ही व्हिडिओ कॉलवर आहात. दुसऱ्या खोलीत बहिणीच्या फोनमधून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढायला लागतात. झालं! तुमचा आवाज तुटतो, गेमचा पिंग ३० वरून ५०० वर. स्पीड टेस्ट मात्र म्हणते, सगळं छान.

हे असं समजा. दवाखान्यात एकच रांग आहे. एका घरातली दहा माणसं एकदम आली, त्यांनी दहा नंबर लावले. तुमचं काम एका मिनिटाचं, पण तुमचा नंबर अकरावा. नेट कमी पडत नाहीये, रांग चुकीची लागलीय. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाची सोय आहे. तिच्यात केक किंवा एफक्यू-कोडेल अशा पद्धती असतात. त्या काय करतात, तर प्रत्येक घरातलं एक-एक माणूस आळीपाळीनं आत सोडतात. तुमचा कॉल फोटोंच्या मागे अडकत नाही. त्यासाठी वेग लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी, साधारण ९० टक्के, लावून ठेवायचा, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्येच लागते आणि आपल्याला आवरता येते.

पण फुकट काही नाही. हे सगळं प्रोसेसरला करावं लागतं. स्वस्त राउटरवर २०० किंवा ३०० एमबीपीएसच्या लाइनवर एसक्यूएम लावलं तर प्रोसेसरलाच धाप लागते आणि वेग पडतो. ४० एमबीपीएसच्या लाइनवर तोच राउटर आरामात चालतो.

आणि एक अफवा इथेच संपवू. "कस्टम टाकलं की रेंज वाढते." नाही वाढत. किती जोरात प्रक्षेपण करायचं याची मर्यादा प्रत्येक देशात ठरलेली आहे. सेटिंगमध्ये देश भारत निवडायचा, विषय संपला. शिवाय समजा राउटर जोरात ओरडला, तरी तुमच्या फोनचा आवाज तेवढाच राहणार ना? फोनचं उत्तर राउटरपर्यंत पोचलं पाहिजे. रेंज हवी असेल तर राउटर टीव्हीच्या मागून काढा आणि घराच्या मध्यावर उंच ठेवा.

स्टॉक का ठेवावं?

इथे कस्टमवाले मित्र माझ्यावर चिडतात. पण ऐका.

वायफायची चिप चालवायला ड्रायव्हर लागतो. मीडियाटेक आणि क्वालकॉमच्या बऱ्याच चिपसाठी खुले ड्रायव्हर चांगले आहेत. ब्रॉडकॉमच्या नव्या वायफाय चिपचं तसं नाही. अशा राउटरवर कस्टम टाकलं तर वायफायच चालत नाही, किंवा रडतखडत चालतं. स्टॉकमध्ये कंपनीनं त्या चिपची सगळी ताकद वापरलेली असते. वेगानं पॅकेट पुढे ढकलायची हार्डवेअरची सोय, मेश, मोबाईल ॲप, सगळं आयतं.

मेमरीचंही तसंच. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे जुने राउटर ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्यांसाठी बाद झालेत. ८ आणि ६४ म्हणजे अगदी काठावर. १६ आणि १२८ असेल तर निवांत. १६ एमबी म्हणजे किती? तुमच्या फोनमधले चार-पाच फोटो!

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही. बरेच नवे राउटर स्टॉकवर रात्री आपोआप अपडेट होतात. ओपनडब्ल्यूआरटी स्वतःहून होत नाही. कुणीतरी लक्षात ठेवून करावं लागतं. म्हणजे २०२१ साली टाकलेलं आणि तिथेच सोडलेलं कस्टम फर्मवेअर हे अपडेट होणाऱ्या स्टॉकपेक्षा जास्त धोक्याचं. आणि चुका खुल्या कोडमध्येही निघतात. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर बांधून देणाऱ्या सर्व्हरमध्ये एक गंभीर त्रुटी सापडली. संशोधकानं कळवलं, काही तासांत ती बुजवली, आणि सगळ्यांना उघडपणे सांगितलं. त्यांनी काम चोख केलं. पण ती बातमी वाचून आपल्या घरच्या डब्याचं काय करायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. कस्टम टाकलं की त्या डब्याची कंपनी तुम्ही. कस्टमर केअरही तुम्हीच.

आणि फायबरवाल्यांनी दिलेला डबा? त्याला हात लावू नका. त्यात फायबरचा प्रकाश ओळखणारा भाग असतो, तो बऱ्याचदा कंपनीच्याच मालकीचा असतो आणि कंपनी दुरून त्याची सेटिंग लावत असते. त्याच्यावर प्रयोग केला तर नेटच जाईल, आणि नेटवाला दादा आला तर त्याला काय सांगणार? त्यापेक्षा स्वतःचा वेगळा राउटर घ्या आणि त्याच्या मागे केबलनं जोडा. नेटवाल्याला विचारा, "ब्रिज मोड करून देता का?" दिला तर उत्तम. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड तेवढं लिहून घ्या. नाही दिला तरी बहुतेक रोजची कामं चालतात. सगळ्यात मोठा फायदा, तुमचा प्रयोग फसला तर घरचे लोक जुन्या डब्याच्या वायफायला जोडून घेऊ शकतात.

मधला रस्ताही आहे. असूसच्या काही मॉडेलसाठी असूसडब्ल्यूआरटी-मर्लिन मिळतं. ते कंपनीच्याच फर्मवेअरवर उभं आहे, थोड्या सुधारणा केलेलं, त्यामुळे वायफायचा वेग तसाच राहतो. जीएल-आयनेटसारख्या कंपनीचे राउटर मुळातच ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेले येतात. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पानं स्वतःचा "ओपनडब्ल्यूआरटी वन" हा राउटरच काढला. नवीन घ्यायचाच असेल तर आधी अशी नावं बघा. आधी डबा घेऊन मग "यावर चालेल का?" असं शोधत बसू नका.

मग टाकायचंच ठरलं तर

ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर हार्डवेअरची यादी आहे. मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत. "साधारण तोच आहे" चालत नाही. पहिल्यांदा टाकताना "फॅक्टरी" नावाची फाइल लागते, नंतरच्या अपडेटला "सिसअपग्रेड". डाउनलोड झाल्यावर साइटवर दिलेला शा-२५६ चा आकडा जुळवून बघा. कंपनीचं मूळ फर्मवेअरही आधीच उतरवून ठेवा. नेट गेल्यावर ते कुठून आणणार?

हे काम फक्त मोबाईलवर करू नका. लॅपटॉप आणि लॅन केबल हवी. कारण ओपनडब्ल्यूआरटी नव्यानं टाकलं की सहसा वायफाय बंदच असतं. पुष्कळ जण तिथेच घाबरतात, "मेला राउटर!" मेला नाही. केबल लावा, १९२.१६८.१.१ उघडा, पासवर्ड ठेवा, मग वायफाय सुरू करा.

आणि वीज. आपल्याकडे हे आधी बघा. फ्लॅश लिहीत असताना लाइट गेली तर राउटरची वीट होऊ शकते. कराडला माझ्या मित्रानं वळवाच्या दिवसांत, आभाळ भरून आलेलं असताना, हा उद्योग केला होता. अर्ध्यात लाइट गेली. बऱ्याच राउटरना वाचवायचा मार्ग असतो: रिसेट बटण दाबून ठेवायचं आणि टीएफटीपीनं मूळ फाइल परत ढकलायची. त्याचा वाचला, पण रात्रीचे दोन वाजले. तेव्हा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा, दहा मिनिटं हात लावू नका, आणि घरात कुणाची परीक्षा, कुणाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असेल तर त्या दिवशी अजिबात नाही.

तर आता माझं उत्तर

"टाकू का?" असं कुणी विचारलं की मी तीन गोष्टी विचारतो. कंपनीचं शेवटचं अपडेट कधी आलं? तुझं नेमकं मॉडेल, नेमकी आवृत्ती यादीत आहे का? आणि तू घरी नसशील तेव्हा हा डबा कोण बघणार?

पहिल्या दोनची उत्तरं पाच मिनिटांत मिळतात. तिसऱ्यावर बहुतेक जण गप्प होतात. मीही झालो असतो.

त्या दिवाळीत मी घरी स्टॉक परत टाकलं. तेव्हा त्या राउटरला कंपनीचं अपडेट येत होतं, त्यामुळे तेच शहाणपणाचं होतं. माझे प्रयोग पुण्याच्या फ्लॅटवर. तिथे बिघडलं तर शिव्या देणारे दोघेच, तेही माझे रूममेट.

पण दोन वर्षांनी कराडच्या राउटरचं अपडेट थांबलं. मग प्रश्न परत तोच, उत्तर मात्र या वेळी वेगळं. मी पुन्हा कस्टम टाकलं. जाहिराती अडवणं नाही, गेस्ट वायफाय नाही, काही नाही. नवी आवृत्ती, चांगला पासवर्ड, एसक्यूएम, बस. दर दोन महिन्यांनी घरी गेलो की जेवण झाल्यावर अपडेट बघतो. पुण्यात बसून दुरून अपडेट करत नाही, कारण फसलं तर बटण दाबायला मी तिथे नसतो. कंपनीचा जुना फायबरचा डबा वायफायसकट चालू ठेवलाय. आणि राउटरच्या शेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात, मराठीत. एक: नेट गेलं तर दोन्ही डबे बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. दोन: तरी नाही आलं तर फोनमध्ये हे दुसरं वायफाय निवडा. तीन: दुसऱ्या वायफायवर चालतंय म्हणजे चूक माझी आहे, तुमची नाही. मला फोन करा.

गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये असताना आईचा फोन आला. म्हणाली, "अरे, बिल भरताना परत गोल गोल फिरत होतं. दुसऱ्या वायफायवर भरलं. कागदावर तीन नंबरला लिहिलंयस ना, म्हणून फोन केला."

मी म्हटलं, "बरं केलंस. शनिवारी येतो."

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या राउटरखालच्या स्टिकरवर कुठली आवृत्ती आहे, ते आधी बघा, मग मला मेसेज करा. भेटू पुढच्या भागात.